पाणकणीस आणि मका : एका सूचनेचा विचार

टंचाईच्या दिवसांत समितीच्या कचेरींत पैसे, धान्य व जुने कपडे यांच्याबरोबर सूचनाही पुष्कळ येतात. त्यांपैकीं एक सूचना निरनिराळ्या सद्गृहस्थांकडून पुनःपुन्हां आली, म्हणून तिचें उत्तर या अहवालांत सविस्तर देणें आम्हांस इष्ट वाटतें. सूचना अशी कीं, आपल्या जिल्ह्यांतील तळ्यांच्या काठीं आणि कालव्यांच्या झिरपणीच्या जागीं पाणकणीस फुकट वाढतें. परदेशांत त्याचीं मुळें माणसें खात आलीं आहेत. असें असतां देणगीदारांचा पैसा मक्याच्या बियाण्यावर समितीनें कां घालवावा?

सूचना सद्भावानें केलेली आहे, आणि ती अगदींच निराधारही नाहीं. पाणकणसाच्या चिखलांतील आडव्या गड्ड्यांत पिष्ट असतें. ते सोलून, पाण्यांत कुस्करून, धागे काढून टाकले म्हणजे तळाशीं पांढरा सांका बसतो व त्याची भाकरी होऊं शकते. सिंधमध्यें त्याच्या पिवळ्या परागांची मिठाई करण्याची चाल जुनी आहे. परंतु ‘होऊं शकतें’ आणि ‘भागतें’ यांतील अंतर दुष्काळांतच कळतें. कमरेइतक्या चिखलांत उतरून गड्डे उपटावयाचे, ते दिवसभर कुटावयाचे, आणि अखेरीस हातीं थोडें पीठ यावयाचें, हा व्यवहार उपाशी माणसास परवडणारा नव्हे.

घोटाळ्याचें मूळ बहुधा नांवांत आहे. आपण दोघांच्याही शेंड्यास कणीस म्हणतों. वाऱ्यानें पराग वाहून नेण्याची रीतही दोघांची एकच. मक्याचा तुरा वर व कणीस खालीं पानांच्या बगलेंत. पाणकणसांत नर-भाग वर आणि मादी-भाग त्याच दांड्यावर लगेच खालीं. पण मक्याच्या कणसांत दाणा भरतो, व पाणकणसाच्या कणसांत कापूस. त्या एका तपकिरी कणसांत लाखांवर बीं असतें खरें, पण तें धुळीसारखें बारीक. वाऱ्यावर उडून जाण्यासाठींच तें घडलेलें आहे. महाभारतांत प्रभासक्षेत्रीं यादवांनीं परस्परांस ज्या ‘एरका’ गवतानें मारलें, तें हेंच असें कित्येक अभ्यासक मानतात. यादवांच्या हातीं त्याचें मुसळ झालें. आमच्या हातीं त्याचें धान्य व्हावें अशी अपेक्षा करणें जरा जास्तच होय.

आतां मुख्य गोष्ट, म्हणजे पाण्याची. पाणकणसास मुळाशीं सतत पाणी, निदान ओला चिखल पाहिजे. एकदां जागा पकडली कीं तें गड्ड्यांनीं पसरतें, गाळ अडवितें आणि पानांवाटे पुष्कळ पाणी हवेंत सोडतें. राजस्थानांत चंबळच्या कालव्यांत त्यानें प्रवाह तुंबविले. म्हणून टंचाईंत पाणकणीस मुद्दाम लावणें म्हणजे ज्या वस्तूची वाण आहे तीच त्यास पाजणें होय. मक्याची गोष्ट उलट आहे. त्यास निचऱ्याची जमीन लागते. लहानपणीं दोन-तीन दिवस पाणी सांचून राहिलें तरी तो पिवळा पडून मरतो. दाण्याचें पीक साधावयाचें तर हंगामभर पांचशें ते आठशें मिलीमीटर पाणी पाहिजे, आणि तुरा व कणसाचे केस बाहेर पडण्याच्या वेळीं ताण बसला तर दाणा भरत नाहीं. आमच्या भागांत पावसाचा खंड पडला असतां दाण्यासाठीं मका लावा, असें समिती कधींही म्हणणार नाहीं. आम्ही म्हणतों तें चाऱ्यासाठीं.

त्यास उत्तम जागा गाळपेरीची. तळ्याचें पाणी मागें हटतें तशी काळी, ओली, सुपीक जमीन उघडी पडते. त्या ओलीवर ‘आफ्रिकन टॉल’सारखा चाऱ्याचा मका पेरला, तर साठ-सत्तर दिवसांत तो कापणीस येतो. पाणी व खत भरपूर असल्यास एकरीं वीस टनांच्या आसपास हिरवा चारा निघतो. गाळपेरीवर तेवढी आशा धरूं नये. पण आठ टन जरी निघाला, तरी रोज वीस किलोप्रमाणें चार मोठीं जनावरें शंभर दिवस तग धरतात. एकदम कापावा लागला तर खड्ड्यांत दाबून, हवा बंद करून मुरघास करावा. ज्वारीच्या कोवळ्या, पाण्याचा ताण बसलेल्या फुटव्यांनीं गुरें दगावतात, हें प्रत्येक शेतकरी जाणतो. मक्यांत तें भय नाहीं म्हटलें तरी चालेल. मात्र वाळत चाललेल्या मक्यास युरिया देऊं नये, कारण त्यानें चाऱ्यांत नायट्रेट वाढतें. आणि २०१८ सालापासून देशांत शिरलेली नवी लष्करी अळी मक्याच्या पोंग्यांतच बसते, तिकडे लक्ष असावें.

मग पाणकणीस टाकाऊच कीं काय ? मुळींच नाहीं. जेथें तें आपोआप उभें आहे तेथें कापावें. त्याचीं लांब पानें चटया विणण्यास, दोरास आणि गुरांच्या मांडवाचें छप्पर शाकारण्यास फार उपयोगी. कणसाचा कापूस उशींत भरतां येतो. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत तो जीवरक्षक जाकिटांत भरीत असत. कोवळे कोंब म्हशी खातात, पण जून पानांत पोषण थोडें. शहराच्या सांडपाण्यांत वाढलेलें पाणकणीस मात्र माणसास वा जनावरास घालूं नये. घाणीतील जड धातू तें आपल्या मुळांत सांठवितें, म्हणूनच सांडपाणी शुद्ध करण्यास तें लावतात.

वकिलीच्या संवयीनें एक इशारा देतों. खाजगी मालकीचे नसलेले तलाव व नाले महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० अन्वयें शासनाचे आहेत. तेव्हां गाळपेर असो वा पाणकणीस, तहसीलदाराची किंवा पाटबंधारे खात्याची परवानगी आधीं घ्यावी. चाऱ्यासाठीं गाळपेर नाममात्र भाड्यानें देण्याचें धोरण शासनानें २०१८ च्या टंचाईंत स्वीकारलें होतें; मागणी लेखी करावी. (१९६३ च्या कायद्यानें ‘फॅमिन’ हा शब्दच राज्याच्या कायद्यांतून काढण्यांत आला. शब्द गेल्यानें वैरण वाढली नाहीं, म्हणून आमच्या समितीनें आपलें जुनें नांव बदललें नाहीं.)

माणसांच्या अन्नाविषयीं थोडें. १९७२ सालीं परदेशाहून आलेली मिलो ज्वारी व सुकडी ज्यांनीं खाल्ली, ते मदतीचें धान्य नाक मुरडून परत करीत नाहींत. मका वाटावयाचा तर केवळ मका वाटूं नये. त्यांतील एक जीवनसत्त्व शरीरास सुटून मिळत नाहीं आणि नुसत्या मक्यावर राहणाऱ्यांस पेलाग्रा होतो. मेक्सिकोचे लोक तो चुन्याच्या पाण्यांत शिजवितात. आपल्याकडे सोबत तूर, हरभरा, शेंगदाणा द्यावा, व समिती तसाच शिधा बांधते.

चाऱ्याच्या मक्यास एकरीं तीस किलो बियाणें लागतें. ज्यांस रोख देणें सोयीचें नाहीं त्यांनीं बियाणें, कोयते अथवा मुरघासाच्या खड्ड्यासाठीं जाड प्लास्टिकचा कागद द्यावा. पाणी हटूं लागतांच बियाणें गांवांत असलें पाहिजे. पंधरा दिवस उशीर झाला तर गाळाची ओल खालीं जाते आणि मग तें पेरण्यांत अर्थ राहत नाहीं.