संगणकीय साहसखेळातील कोडे आणि कथा : 'ब्रोकन एज'च्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

संगणकीय खेळ हा विषय आपल्याकडे बहुधा पालकांच्या तक्रारीच्या निमित्ताने चर्चेत येतो. कथनाचा एक प्रकार म्हणून त्याकडे साहित्याच्या अभ्यासकांनी फारसे पाहिलेले नाही. वस्तुतः या खेळांपैकी एक प्रकार सर्वस्वी कथेवर उभा आहे. पडद्यावर एखादे स्थळ चित्रित केलेले असते. खेळाडू माउसने वस्तूंवर व व्यक्तींवर टिचकी मारतो, वस्तू गोळा करतो, पात्रांशी संवाद करतो आणि कोडी सोडवीत कथा पुढे नेतो. यास 'पॉइंट अँड क्लिक ॲडव्हेंचर' असे म्हणतात. प्रस्तुत लेखात सोयीसाठी 'साहसखेळ' ही संज्ञा वापरली आहे. येथे बोटांच्या चपळाईला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते विचाराला.

या प्रकारातील एका अलीकडच्या खेळाने रसिकांची निराशा का केली, याचा शोध जुन्या खेळांच्या आधारे येथे घ्यावयाचा आहे.

अपेक्षा आणि वस्तुस्थिती :

टिम शेफर हे या क्षेत्रातील मान्यवर लेखक. १९९८ च्या 'ग्रिम फँडँगो'नंतर त्यांनी साहसखेळ केला नव्हता. प्रकाशक कंपन्या या प्रकारात पैसा घालण्यास तयार नव्हत्या. म्हणून फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांच्या 'डबल फाइन' या संस्थेने 'किकस्टार्टर'वरून थेट रसिकांकडे चार लाख डॉलर मागितले. ८७,१४२ लोकांनी तेहतीस लाखांहून अधिक डॉलर दिले. खेळाची कथा, चित्रे, नाव यांपैकी काहीही त्या वेळी सिद्ध नव्हते. लोकांनी पैसे दिले ते केवळ पूर्वीच्या कामावरील विश्वासापोटी, आणि म्हणूनच पुढील निराशा ही केवळ एक खेळ फसल्याची निराशा राहिली नाही.

हा निधीही अपुरा पडला. २०१३ मध्ये खेळाचे दोन भाग करण्याचे ठरले. पहिला भाग जानेवारी २०१४ मध्ये व दुसरा एप्रिल २०१५ मध्ये आला. मध्यंतर पंधरा महिन्यांचे!

पहिला भाग देखणा आहे, यात शंका नाही. व्हेला ही मुलगी एका राक्षसाला बळी दिली जाणार आहे आणि ती बळी जाण्यास नकार देते. शे हा मुलगा अवकाशयानात आईसारख्या वागणाऱ्या संगणकाच्या अतिकाळजीत गुदमरतो आहे. खेळाडू वाटेल तेव्हा एका पात्राकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. राक्षस आणि यान ही एकच वस्तू आहे हे शेवटी उघड होते तेव्हा कथेला मिळणारी कलाटणी उत्तम साधली आहे. परंतु या भागातील कोडी अगदी सोपी आहेत. वस्तू हाती येते तेथेच जवळपास तिचा उपयोग असतो. खेळाडू विचार करण्यापूर्वीच दार उघडलेले असते.

दुसरा अंक :

यावर टीका झाली आणि दुसऱ्या भागात कोडी अवघड झाली. येथेच खरी गफलत आहे. दुसऱ्या भागात दोन्ही पात्रांची जागा बदलते : व्हेला यानात आणि शे तिच्या भूमीवर. एका पात्राच्या जगात दिसलेल्या आकृतीवरून दुसऱ्या पात्राला यंत्राच्या तारा जोडाव्या लागतात. ती आकृती या पात्रापर्यंत पोहोचली कशी, याचे उत्तर कथेत नाही. खेळाडूला ते ठाऊक आहे, पात्राला नाही. कोडे सुटते, पण सोडविणारी व्हेला उरत नाही. उरतो तो फक्त माउस धरलेला हात.

शिवाय दुसऱ्या भागात नवी स्थळे फारच थोडी आहेत. ठाण्याच्या गडकरी रंगायतनात किंवा कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात नियमाने नाटके पाहणाऱ्या प्रेक्षकाला यात वावगे वाटू नये, कारण आपली बहुतेक दोन अंकी नाटके एकाच नेपथ्यावर होतात. मात्र मध्यंतरानंतर तोच दिवाणखाना वेगळा भासतो, कारण माणसांमधील नाती बदललेली असतात. 'ब्रोकन एज'मध्ये ही संधी आयती चालून आली होती. ज्या भूमीचा शेला पत्ताच नव्हता, तिच्याकडे तो कोणत्या नजरेने पाहील? याचे उत्तर संवादांत मिळते तेवढेच. कोड्यांत मिळत नाही.

जुन्या खेळांची रीत :

याच शेफर यांनी डेव्ह ग्रॉसमन यांच्यासमवेत केलेला 'डे ऑफ द टेंटॅकल' (१९९३) तुलनेसाठी घेऊ. त्यातही पात्रांची अदलाबदल आहे. तीन मित्र तीन काळांत अडकले आहेत : एक वर्तमानात, एक दोनशे वर्षे मागे, एक दोनशे वर्षे पुढे. माणसांना काळ ओलांडता येत नाही, परंतु लहान वस्तू एकमेकांकडे पाठविता येतात. त्यामुळे एकाच्या हातातील वस्तू दुसऱ्याकडे कशी आली, हा प्रश्न उद्भवत नाही. भूतकाळातील होगीला व्हिनेगर हवे असते. तो कालकुपीत मद्याची बाटली ठेवतो आणि शतकांनंतर भविष्यातील लाव्हर्न ती कुपी उघडते तेव्हा मद्य आंबून व्हिनेगर झालेले असते. कोडे विलक्षण आहे, पण अन्याय्य नाही. काळ वस्तू बदलतो हा या कथेचा विषय, आणि तेच उत्तरही.

'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' (१९९०) मधील तलवारबाजी आपल्या वाचकाला अधिक जवळची वाटेल. तेथे द्वंद्व जिंकायचे ते शेलक्या टोमण्याला तितकेच शेलके उत्तर देऊन. एका अर्थी हा कलगी-तुऱ्याचा सवाल-जवाबच होय. हरता हरता नायक समोरच्याची उत्तरे पाठ करतो. पुढे तलवारबाजीतील निष्णात स्त्रीशी गाठ पडते तेव्हा ती निराळेच टोमणे मारते आणि शिकलेली उत्तरे त्यांना बेताने जुळवून घ्यावी लागतात. नवखा नायक येथे तयार होतो, आणि त्याच्याबरोबर खेळाडूही.

या खेळाचे प्रमुख लेखक रॉन गिल्बर्ट यांनी १९८९ मध्येच एका निबंधात साहसखेळांतील दोषांची चर्चा केली होती. कोड्याने कथा पुढे गेली पाहिजे; कुलूप दिसण्यापूर्वी किल्ली हाती देऊ नये; असे त्यांचे म्हणणे होते. नारळावरील प्रसिद्ध संस्कृत प्रहेलिकाही हाच नियम पाळते : उत्तर कळल्यावर तिची प्रत्येक खूण घरातल्या नारळावर पडताळून पाहता येते.

जुने ते सारे निर्दोष, असे मात्र नाही. 'गॅब्रिएल नाइट ३' (१९९९) मध्ये मांजराच्या केसांची मिशी करून ज्याचे रूप घ्यावयाचे, त्या मनुष्याला मुळात मिशीच नसते! १९९१ च्या दुसऱ्या 'मंकी आयलंड'मध्ये माकडालाच पाना म्हणून वापरावे लागते. कारण इंग्रजीत एका प्रकारच्या पान्याला 'मंकी रेंच' म्हणतात. डोंबिवलीच्या मराठी माध्यमातील मुलाने कितीही विचार केला तरी हे त्याला सुचणे नाही. मराठीत साहसखेळ लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण मी आवर्जून सांगतो. कोडे ज्या भाषेत जन्मते त्या भाषेतच त्याची किल्ली असते, आणि भाषांतरात ती बरेचदा हरवते.

काठिण्याचा प्रश्न :

भारतात सामान्यांसाठी इंटरनेट ऑगस्ट १९९५ मध्ये आले, आणि त्यानंतरही बरीच वर्षे ते घराघरांत नव्हते. तेव्हा अडलेले कोडे दिवसेंदिवस डोक्यात राही. आज डोंबिवलीहून ठाण्याला जाताना लोकलच्या वीस-पंचवीस मिनिटांत कोणी खेळ उघडला आणि अडला, तर मुंब्रा येण्यापूर्वी उत्तर त्याच भ्रमणध्वनीवर सापडते. म्हणून नुसते काठिण्य वाढविणे निरर्थक आहे. कारण न पटणारे कोडे खेळाडूला थेट तयार उत्तराकडे ढकलते, आणि एकदा तिकडे गेलेला खेळाडू पुढच्या कोड्याला थांबून विचार करील याची खात्री नसते. 'ब्रोकन एज'च्या दोन्ही भागांनी काठिण्य हे मोजमाप मानले. एकाने ते उणे केले, दुसऱ्याने अधिक.

गिल्बर्ट यांनी २०१७ च्या 'थिंबलवीड पार्क'मध्ये सोपी आणि अवघड अशा दोन वाटा ठेवल्या. हा तोडगा व्यवहार्य आहे, परंतु खेळ सुरू होण्यापूर्वीच खेळाडूला आपली कुवत ठरवावी लागते. २०२२ च्या 'रिटर्न टू मंकी आयलंड'मध्ये अशा दोन वाटा तर आहेतच, शिवाय नायकाच्या पिशवीतच एक सूचनापुस्तक आहे. ते एकदम उत्तर देत नाही. आधी दिशा सुचविते, विचारल्यास आणखी थोडे सांगते. मदत मागण्यासाठी खेळाडूला कथेबाहेर जावे लागत नाही, आणि ते पुस्तक न उघडताही खेळ पूर्ण करता येतो.