जबडा पुढे, श्वास मोकळा

घोरणाऱ्या माणसाची आपल्याकडे थट्टाच जास्त होते. लग्नाच्या हॉलवर त्याची गादी मुद्दाम लांब टाकतात, आणि 'काय गाढ झोपलाय!' म्हणून त्याचा हेवाही करतात. पण हा हेवा पुष्कळदा अनाठायी असतो. ज्याला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडण्याचा विकार आहे, त्याची रात्र झोपेपेक्षा धडपडीतच जास्त जाते.

झोपेत स्नायू सैलावतात. घशाच्या मागच्या भागाला हाडाचा आधार नसतो. तो उघडा राहतो तो स्नायूंच्या जोरावर. उताणं झोपलं की जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे सरकतो. वाट अरुंद झाली की माणूस घोरतो, पूर्ण बुजली की श्वास अडतो. छाती-पोट हलत असतं, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठ्या आवाजात श्वास सुटतो आणि पुन्हा तेच चक्र. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. जाणवतं ते जड डोकं, दुपारी येणारी पेंग, गाडी चालवताना मिटू लागणारे डोळे. रक्तदाब वाढण्याशीही या विकाराचा जवळचा संबंध आहे.

निदान होतं झोपेच्या चाचणीतून. किमान 10 सेकंद श्वास थांबणं किंवा तो बराच उथळ होणं, असं तासाला सरासरी किती वेळा घडतं ते मोजतात. 5 ते 15 म्हणजे सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि त्यापुढे तीव्र.

यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे सीपॅप. 1981 साली सिडनीतल्या कॉलिन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी तो जगापुढे मांडला. मास्कमधून येणारी दाबाची हवा घसा मिटू देत नाही. मात्र नाकावर मास्क, डोक्याभोवती पट्टे आणि उशाशी यंत्र हे सगळ्यांना सोसत नाही. अशांसाठी दंतवैद्यांकडे दुसरा मार्ग आहे: खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं उपकरण.

त्यामागचं तत्त्व साधं आहे. भूल दिलेल्या रुग्णाचा श्वास अडू लागला की भूलतज्ज्ञ त्याचा खालचा जबडा दोन्ही हातांनी पुढे उचलतात. जबड्याबरोबर जीभही पुढे येते. उपकरण हेच काम रात्रभर करतं. लहान जबड्याच्या बाळांची जीभ मागे पडू नये म्हणून फ्रेंच डॉक्टर पिएर रॉबिन यांनी 1902 मध्येच असं साधन सुचवलं होतं. मोठ्यांच्या स्लीप ॲप्नियासाठी ते वापरात आलं 1980च्या दशकात.

आधी दोन्ही जबड्यांची मापं घेतात. मग खालचा जबडा जास्तीत जास्त किती पुढे येतो ते पाहतात आणि साधारण निम्म्या अंतरापासून सुरुवात करतात. हातात येतात त्या वरच्या आणि खालच्या दातांवर बसणाऱ्या दोन पट्ट्या. काही प्रकारांत बाजूला बारीक स्क्रू असतो. छोट्या किल्लीने तो फिरवला की खालची पट्टी किंचित पुढे सरकते. जबड्याच्या सांध्याला सवय होईल तसं काही आठवडे थोडं थोडं पुढे जायचं. इथे घाई कामाची नाही.

घोरणं थांबलं की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, पण तेवढ्याने काम झालं असं नाही. आवाज बंद होऊनही श्वास अडत राहू शकतो. म्हणून उपकरण तोंडात ठेवून झोपेची चाचणी पुन्हा करावीच लागते. दुकानातून आणलेली, गरम पाण्यात मऊ करून चावायची पट्टी इथेच कमी पडते: ती नेमकी बसत नाही, आणि तिच्यामागे ना निदान असतं ना फेरतपासणी.

हे उपकरण सगळ्यांना चालत नाही. त्याला धरून ठेवायला पुरेसे भक्कम दात लागतात. पूर्ण कवळी, हलते दात, हिरड्यांचा बळावलेला आजार किंवा जबड्याच्या सांध्याचं दुखणं असेल तर ते अडचणीचं ठरतं. मेंदूकडूनच श्वासाचा इशारा येत नसेल, तर जबडा पुढे घेऊन उपयोग नाही. सुरुवातीला लाळ सुटते, जबडा अवघडतो, सकाळी थोडा वेळ दाढा जुळत नाहीत. त्यासाठी चावण्याचा हलका व्यायाम देतात. वर्षानुवर्षांच्या वापराने दातांची ठेवण कायमची थोडी बदलू शकते, म्हणून दंतवैद्याकडे नियमित फेरी हवी.

मग सरस कोण? श्वासाचे अडथळे दूर करण्यात सीपॅप पुढे आहे, पण उपकरण लोक रात्री जास्त तास वापरतात. त्यामुळे मध्यम विकारात दिवसाची पेंग किंवा रक्तदाब यांत दोघांचा फायदा बराचसा सारखा दिसतो. अमेरिकेतल्या निद्राविकार तज्ज्ञांच्या आणि झोपेच्या विकारांवर काम करणाऱ्या दंतवैद्यांच्या संघटनांनी 2015 मध्ये सल्ला दिला तोही असाच: सीपॅप सोसत नसेल किंवा नको असेल, तर काहीच न करण्यापेक्षा मापाचं उपकरण द्यावं. विकार तीव्र असेल तर मात्र आधी सीपॅपचाच मनापासून प्रयत्न व्हावा.

अनेकांचं सीपॅप यंत्र महिनोन् महिने कपाटात पडून असतं आणि डॉक्टरांनी विचारलं की 'चालू आहे' असं उत्तर मिळतं. खरं सांगितलं, तरच पुढचा मार्ग सुचवता येतो.