मैदानावरची पेढी

‘खेळ चांगला आहे हो, पण पुढे काय?’ आमच्या नात्यातील एका वयोवृद्ध कापड-व्यापाऱ्यांनी मला हा प्रश्न विचारला. त्यांची नात शाळेच्या सॉफ्टबॉल संघात निवडली गेली होती आणि घरात पेढे वाटले जात होते. प्रश्नात तिरस्कार नव्हता. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक व्यवहारात भांडवल, मुदत आणि परतावा पाहिला, त्याची ती स्वाभाविक पृच्छा होती. मला तेव्हा उत्तर सुचले नाही. पुढे वाचन करताना ध्यानात आले की, अमेरिकेतील महाविद्यालयांत याच प्रश्नाचे उत्तर काही स्त्री-पुरुषांनी अर्धे शतक खर्चून घडविले आहे. त्यांची ही हकीकत.

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली शिकागोत झाला. बारा इंच परिघाचा, क्रिकेटच्या चेंडूहून बराच मोठा चेंडू, हात खालून फिरवून केलेली फेक आणि सात डाव असे त्याचे स्वरूप. महाविद्यालयीन सामन्यात फेक करणारी मुलगी फलंदाजापासून अवघ्या ४३ फुटांवर उभी असते. खेळ जुना असला, तरी मुलींना तो शिकविणे हा पोटापाण्याचा व्यवसाय नव्हता. बहुधा शारीरिक शिक्षणाची शिक्षिकाच आपले तास सांभाळून संघ चालवीत असे. १९७२ साली ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही, असे त्याने ठरविले. त्या एका कलमाने या व्यवसायाचे दार उघडले. तथापि दार उघडणे वेगळे आणि आत जागा मिळणे वेगळे.

कॅरोल हचिन्स यांचे उदाहरण पाहा. मिशिगन स्टेट विद्यापीठात त्या विद्यार्थिनी असताना बास्केटबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही खेळत. प्रवासात मुलांच्या बास्केटबॉल संघाला भोजनभत्ता अधिक आणि राहण्याची सोय चांगली. मुलींना दोन्ही कमी. १९७९ साली त्यांनी सहखेळाडूंसह आपल्याच विद्यापीठाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. पुढे १९८५ साली मिशिगन विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल संघाची धुरा त्यांच्याकडे आली. त्या उत्तरेकडील राज्यात हिवाळा लांबतो आणि मोसमाच्या आरंभी मैदान बर्फाखाली असते. विजेतेपदे तोवर ऊन असलेल्या पश्चिमेकडील विद्यापीठांकडे जात. हचिन्स यांना राष्ट्रीय विजेतेपद मिळाले ते २००५ साली, म्हणजे वीस वर्षांनी. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील विद्यापीठाने मिळविलेले ते पहिलेच विजेतेपद. २०२२ साली निवृत्त होताना त्यांच्या खाती १,७०७ विजय होते. त्या वेळी तो उच्चांक होता. वीस वर्षे मुद्दलाची वाट पाहणारा सावकार मी तरी माझ्या नोकरीत पाहिला नाही.

पॅटी गॅसो यांची वाटचाल याहून वेगळी. कॅलिफोर्नियातील लाँग बीच सिटी कॉलेज या दोन वर्षांच्या महाविद्यालयातून त्या १९९५ साली ओक्लाहोमा विद्यापीठात आल्या. तेव्हा संघाला स्वतःचे मैदानही नव्हते. सार्वजनिक उद्यानातील मैदानावर खेळ चाले. २००० साली पहिले राष्ट्रीय विजेतेपद आले. दुसरे यायला तेरा वर्षे लागली. मात्र २०२१ ते २०२४ या काळात त्यांनी ओळीने चार विजेतेपदे मिळविली आणि एकूण संख्या आठवर नेली. आज त्यांचे वार्षिक वेतन दहा लाख डॉलरहून अधिक आहे. २०२४ साली सुमारे पाच कोटी डॉलर खर्चून उभारलेले नवे मैदान त्यांच्या संघाला मिळाले. त्यांचे चिरंजीव जेटी त्यांच्याच हाताखाली साहाय्यक प्रशिक्षक आहेत. आपल्याकडील वाचकाला ही रचना वेगळी समजावून सांगायला नको!

परंतु शिखरावरील वेतनावरून व्यवसायाची पारख करू नये. या क्षेत्रातील उमेदवारी खडतर असते. खेळाडू म्हणून चार वर्षे संपली की पदव्युत्तर शिक्षण घेत संघाला मदत करायची, मग साहाय्यक व्हायचे आणि नशिबाने साथ दिली तर प्रमुख. मधली एक पायरी तर बिनपगारी होती. ‘स्वयंसेवक प्रशिक्षक’ या नावाखाली पूर्ण वेळ राबायचे आणि सुटीतील प्रशिक्षण शिबिरांतून गुजराण करायची. २०२३ साली हा वर्ग रद्द झाला आणि त्या जागेला वेतन देण्याची मुभा मिळाली. उन्हाळ्यात गावोगावच्या स्पर्धा हिंडून शाळकरी मुली हेरायच्या, हेही कामच. शिवाय शिष्यवृत्त्यांचा हिशेब. वरच्या गटातील संघाला दीर्घकाळ केवळ बारा पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. वीसएक मुलींत त्या तुकड्यांनी वाटायच्या आणि कुणाच्या घरी किती निकड आहे, हेही पाहायचे. ही जबाबदारी कर्ज-समितीच्या सभासदाहून हलकी नाही.

या इतिहासाला एक विषादाची किनारही आहे. १९७२ साली महाविद्यालयीन स्त्री-संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांना स्त्रियाच शिकवीत. कायद्याने पैसा आणला, पद वेतनाचे झाले आणि पुरुष उमेदवारही आले. २०१४ पर्यंत सर्व खेळ मिळून हे प्रमाण सुमारे त्रेचाळीस टक्क्यांवर उतरले. धंदा तोट्यात असताना ज्यांनी दुकान उघडे ठेवले, त्यांनाच नफ्याच्या काळात गल्ल्यावर जागा कमी पडावी, असा हा प्रकार. याचा अर्थ पुरुषांनी निष्ठेने काम केले नाही असा नव्हे. माइक कँड्रिया यांनी अॅरिझोना विद्यापीठाला आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. २००४ साली ऑलिम्पिकच्या काही आठवडे आधी त्यांच्या पत्नीचे अकस्मात निधन झाले. तो आघात सोसून त्यांनी अथेन्सला अमेरिकेच्या संघाचे मार्गदर्शन केले आणि सुवर्णपदक आणले. २०२१ साली निवृत्त होताना त्यांची जागा केटलिन लो यांना, त्यांच्याच एका माजी खेळाडूला, मिळाली. मिशिगनमध्येही हचिन्स यांच्यानंतर त्यांच्या शिष्या बॉनी थॉल आल्या. गादी अशी सुपूर्द झाली की मागचे श्रम वाया जात नाहीत.

आता मात्र काळ पालटला आहे. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावलौकिकावर पैसे मिळविता येतात आणि विद्यापीठ बदलणेही सुलभ झाले आहे. २०२४ साली निजारी कॅनडी ही गोलंदाज स्टॅनफर्ड सोडून टेक्सास टेक विद्यापीठात गेली, ती दहा लाख डॉलरहून अधिक रकमेच्या करारावर. मुलींच्या हाती त्यांच्या कष्टाचे मोल येते, यात गैर काहीच नाही; ते फार पूर्वीच यायला हवे होते. पण खेळाडू दरवर्षी बदलू लागले आणि यश त्वरित हवे झाले, तर पहिल्या विजेतेपदासाठी वीस वर्षे थांबणाऱ्या हचिन्स यांना कोणते विद्यापीठ थांबू देईल? माझ्या मते या व्यवसायापुढचा खरा प्रश्न हाच आहे.

त्या आजोबांना मी अखेर एवढेच सांगितले, ‘यातही पेढी उभी राहते, फक्त पहिली काही वर्षे वही कोरी दिसते.’ आपल्याकडे अशी पूर्ण वेतनाची शिडी अजून उभी राहायची आहे, हेही मी लपविले नाही. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, ‘कोरी वही आम्हीही पाहिली आहे.’ आणि नातीच्या हातमोज्यासाठी त्यांनी पाकीट काढले.