सहा जणांची मशीनगन

जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांमध्ये व्हिकर्स मशीनगनला फार मान आहे. ब्रिटिश सैन्याने ती नोव्हेंबर १९१२ मध्ये स्वीकारली आणि थेट १९६८ मध्ये निवृत्त केली. दोन महायुद्धं आणि त्यानंतरच्या कितीतरी मोहिमा तिने पाहिल्या. या दीर्घायुष्याचं श्रेय बहुतेक लेख तिच्या बांधणीला देतात. मला मात्र ते तितकंच तिच्याभोवती राबणाऱ्या माणसांचं वाटतं.

बांधणीचं मूळ हायरम मॅक्सिमच्या १८८४ च्या सुमाराच्या शोधात आहे. गोळी सुटताना बंदूक मागे जो धक्का देते, तोच त्याने कामाला लावला. त्या धक्क्याने नळी आणि तिच्यामागचा खटका मागे सरकतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं, नवं आत येतं आणि स्प्रिंग सगळं पुन्हा पुढे ढकलते. यात गुडघ्यासारखा दुमडणारा एक सांधा असतो. मॅक्सिमच्या बंदुकीत तो खाली दुमडत असे. व्हिकर्स कंपनीच्या अभियंत्यांनी तो उलटा बसवला. त्यामुळे यंत्रणेची पेटी आटोपशीर झाली आणि वजनही बरंच घटलं. तरीही बंदूक सुमारे १५ किलो आणि तिपाई सुमारे २२ किलो भरायची.

मिनिटाला साडेचारशे-पाचशे गोळ्या सुटल्या की नळी तापणारच. म्हणून तिच्याभोवती सुमारे चार लिटर पाणी मावणारं आवरण होतं. सतत मारा केल्यावर काही मिनिटांतच ते पाणी उकळू लागे. वाफेचा ढग उठला की शत्रूला ठिकाणा कळे, म्हणून रबरी नळीने ती वाफ एका डब्यात उतरवली जाई. तिथे थंड होऊन तिचं पुन्हा पाणी होई. सुमारे दहा हजार गोळ्यांनंतर बंदुकीची नळीच बदलावी लागे.

हे एकट्याचं काम नव्हतंच. तुकडी सहा जणांची. पहिला मारा करणार, दुसरा २५० काडतुसांचा कापडी पट्टा सरळ आत जाईल याकडे पाहणार, बाकीचे दारूगोळा, पाणी आणि सुटे भाग वाहणार. बंदूक अडली की उजव्या बाजूचा दांडा कुठे थांबलाय ते पाहायचं. त्या जागेवरून बिघाड ओळखायचा, तोही अंधारात, हाताने चाचपून. माणसाच्या हाताला इतकं स्पष्ट सांगणारं यंत्र घडवणं ही मला खरी कारागिरी वाटते.

पहिल्या महायुद्धात, २४ ऑगस्ट १९१६ ला सोमच्या लढाईत, हाय वुडजवळ, १०० व्या मशीनगन कंपनीच्या दहा बंदुकांनी बारा तासांत जवळजवळ दहा लाख गोळ्या झाडल्या आणि शंभर नळ्या वापरल्या, असं तिथले अधिकारी ग्रॅहम सेटन हचिसन यांनी लिहून ठेवलं आहे. या आकड्याबद्दल अभ्यासकांनी शंका घेतली आहे, आणि ती रास्त आहे. दहा लाख गोळ्या म्हणजे चार हजार भरलेले पट्टे. ते भरायचे कुणी, वाहायचे कुणी, पाणी आणायचं कुठून? आकडा कमी धरला तरी त्या बारा तासांचं ओझं मुख्यतः पट्टे भरणाऱ्यांच्या आणि पाणी आणणाऱ्यांच्या अंगावर पडलं असणार. त्यांच्याबद्दल फार थोडं लिहिलं जातं.

ऑक्टोबर १९१५ मध्ये उभारलेल्या ब्रिटिश सैन्याच्या मशीनगन कोअरमध्ये सुमारे १,७०,००० जणांनी सेवा केली. त्यांतले ६२,०४९ मृत, जखमी वा बेपत्ता झाले. मशीनगन दिसली की शत्रूच्या तोफा आधी तिलाच शोधत. या दलाला सैनिक ‘आत्मघातकी क्लब’ म्हणत. समोरून या बंदुकीपुढे चालत आलेल्यांची मोजदाद तर वेगळीच.

आज अमेरिकेत १९ मे १९८६ पूर्वी नोंदलेल्या मशीनगनच खासगी संग्राहकांना विकत घेता येतात, त्यामुळे किमती चढत गेल्या. कायद्याच्या दृष्टीने तिथे अनेक व्हिकर्सची ओळख पेटीच्या उजव्या पोलादी पाटीत असते. नोंद त्या पाटीची, बाकीचे भाग तिच्याभोवती जुळवलेले. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याने स्वयंचलित बंदुका निषिद्ध वर्गात येतात. जाणकार संग्राहक आधी आवरण पाहतो: सुरुवातीच्या बंदुकांचं खाचांचं, नंतरच्या अनेकांचं गुळगुळीत. मग तो वाफेचा डबा, पट्टे भरायचं यंत्र आणि सुट्या भागांची पेटी शोधायला लागतो, आणि माझ्या मते त्याच्या संग्रहातला सर्वांत मोलाचा ऐवज तोच.