काळ्या पाण्याचे मूळ धनी

वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही तेथील शाळेत शिकलेल्या माणसाला अंदमान हे नाव परिचित असते, कारण सावरकर बंधूंच्या जन्मठेपेमुळे ते मराठी वाचकाच्या मनात सेल्युलर जेलशी कायमचे जोडले गेले आहे. मात्र तो तुरुंग उभा राहण्यापूर्वी ही बेटे हजारो वर्षे नांदती होती, आणि तेथे तुरुंग का आला हे समजून घेतल्यावाचून त्या नांदत्या लोकांचे काय झाले याचा उलगडा होत नाही.

अंदमान व निकोबार हा कोलकाता आणि चेन्नई या दोन्ही बंदरांपासून सुमारे १,२०० किलोमीटर अंतरावरील द्वीपसमूह आहे. उत्तरेकडील अंदमानात शिकार, मासेमारी आणि कंदमुळांवर जगणाऱ्या, शेती न करणाऱ्या जमाती राहत, तर दक्षिणेकडील निकोबारात नारळाच्या बागा राखणारा, डुकरे पाळणारा आणि परक्या जहाजांशी व्यापार करणारा वेगळा समाज होता. निकोबारवर १७५६ पासून डेन्मार्कने हक्क सांगितला. परंतु हिवतापाने वसाहतवाले इतक्या संख्येने मरत गेले की शतकभराच्या अधूनमधून केलेल्या प्रयत्नांनंतर डॅनिश सरकारने १८६८ मध्ये तो हक्क इंग्रजांना विकला. ज्यांच्या बेटांचा हा सौदा झाला त्या निकोबारींना त्यात कोणतेही स्थान नव्हते.

अंदमानातील पहिली इंग्रज वसाहत १७८९ मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअर याने स्थापन केली. तो ‘बाँबे मरीन’चा, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील आरमाराचा अधिकारी होता; याच आरमाराने १७५६ मध्ये विजयदुर्गावर आंग्र्यांची सत्ता मोडण्यात भाग घेतला होता. वसाहत तीन वर्षांनी उत्तर अंदमानात हलवली गेली आणि रोगराईमुळे १७९६ मध्ये बंद पडली. पुढची साठ वर्षे बेटे पुन्हा त्यांच्या मूळ धन्यांकडेच राहिली.

१८५७ च्या उठावाने चित्र पालटले. हजारो बंदिवानांना ठेवायचे कोठे, या प्रश्नाला सरकारने दिलेले उत्तर म्हणजे दंडवसाहत, अर्थात शिक्षा झालेल्यांना दूरदेशी नेऊन, त्यांच्याच श्रमांवर उभारलेली वस्ती. १० मार्च १८५८ रोजी डॉ. जे. पी. वॉकर २०० कैद्यांसह अंदमानात उतरला. जंगलात पळालेल्या आणि पुन्हा हाती लागलेल्या ८० हून अधिक कैद्यांना त्याने फासावर चढवले. जे उरले त्यांनी पायांत बेड्या असताना झाडे तोडली, दलदली बुजवल्या आणि रस्ते बांधले. आणि या प्रत्येक कामाबरोबर अंदमानी माणसाचे शिकारीचे रान आक्रसत गेले. येथेच या इतिहासातील सर्वांत क्लेशदायक गुंता आहे: ज्यांचा देश इंग्रजांनी हिरावून घेतला होता, त्यांच्याच हातून इंग्रजांनी दुसऱ्यांचा देश हिरावून घेतला.

अंदमानींनी हे मुकाट्याने सोसले नाही. मे १८५९ मध्ये त्यांनी ॲबर्डीन येथे वसाहतीवर चाल केली. पण दूधनाथ तिवारी या फरारी कैद्याने, ज्याला त्यांनी वर्षभर आपल्यात ठेवून घेतले होते आणि लग्नही लावून दिले होते, हल्ल्याची वर्दी आधीच इंग्रजांना दिली. त्याला माफी मिळाली. धनुष्यबाण घेऊन आलेल्यांना बंदुकांना तोंड द्यावे लागले.

यानंतर सरकारने सलोख्याचा मार्ग धरला आणि तोच अधिक घातक ठरला. १८६३ पासून ‘अंदमान होम्स’ सुरू झाली. अंदमानींना वस्तीत आणून, अन्न, कपडे व तंबाखू देऊन ‘सुधारण्याची’ ही आश्रयगृहे होती. उपदंश आणि १८७७ ची गोवराची साथ, असे त्यांच्या शरीरांना अपरिचित आजार त्याच दाटीतून पसरले. महाअंदमानी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दहा जमातींची संख्या वसाहतीच्या आरंभी काही हजार असावी असा अंदाज आहे. १९०१ च्या जनगणनेत ते ६२५ उरले आणि १९६१ मध्ये १९. ज्यांनी परक्यांशी सर्वाधिक मैत्री केली, तेच सर्वांत आधी संपत आले.

सेल्युलर जेल या ऱ्हासाच्या काळातच, १८९६ ते १९०६ या दरम्यान बांधला गेला. सात बाजूंना फाकलेल्या त्याच्या इमारतीत सुमारे ७०० एकांतकोठड्या होत्या. गणेश दामोदर सावरकर आणि १९११ मध्ये विनायक दामोदर सावरकर तेथे पोहोचले, कोलू म्हणजे तेलाचा घाणा ओढणे आणि काथ्या कुटणे त्यांच्या वाट्याला आले, आणि १९२१ मध्ये दोघांनाही मुख्य भूमीवरील तुरुंगांत हलवण्यात आले. त्यांच्या यातना मराठी ग्रंथांनी जपल्या, हे योग्यच झाले. त्या भिंतींबाहेर मरणाऱ्यांना मात्र असा लेखक लाभला नाही. त्यांच्याविषयी जे वाचायला मिळते त्यातील पुष्कळसे एम. व्ही. पोर्टमन याच्यासारख्या, त्यांच्यावर नेमलेल्या अधिकाऱ्यांनीच लिहिलेले आहे.

महाअंदमानींच्या ‘बो’ भाषेची शेवटची जाणकार बोआ सीनियर २०१० मध्ये निधन पावली. अंदमानातीलच जारवा जमातीने मात्र परक्यांना बाण मारून दूर ठेवले आणि ती टिकली. १९९७ च्या सुमारास तिचे लोक प्रथमच आपण होऊन वस्त्यांकडे येऊ लागले. त्यांच्या राखीव जंगलातून स्वतंत्र भारताने अंदमान ट्रंक रोड नेला आहे. त्याचा तेवढा भाग बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. वाहतूक त्यानंतरही चालूच राहिली.