राबणारा एक, हप्ता दुसऱ्याच्या खात्यात : पीएम किसानचे पैसे नेमके कोणाला मिळतात?

केज तालुक्यातील नांदूरघाट परिसरात हप्ता जमा झाला की एकच प्रश्न कानावर येतो : "त्याला आला, मला का नाही?" याचे उत्तर बहुतेक वेळा बँकेत नसते, ते सातबाऱ्यावर असते.

पीएम किसान योजनेत वर्षाला 6,000 रुपये तीन हप्त्यांत मिळतात. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीतून आणखी 6,000. नमोसाठी वेगळा अर्ज नाही. पीएम किसानमध्ये पात्र ठरलात तरच तो मिळतो. म्हणजे एकीकडे नाव अडकले की दोन्हीकडचे पैसे थांबतात.

ही मदत पिकाला नाही, कसणाऱ्यालाही नाही, तर जमीनधारक कुटुंबाला आहे. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि 18 वर्षांखालील मुले. त्यांच्यात लाभ एकालाच. बटईने किंवा खंडाने शेती करणाऱ्याला यात काही मिळत नाही, मग तो वीस वर्षे तीच जमीन का कसत असेना. (पीक विम्यात मात्र नोंदणीकृत भाडेकरार असेल तर त्याला भाग घेता येतो. तोंडी बटई तिथेही चालत नाही.) आयकर भरणारे, चतुर्थ श्रेणी वगळता सरकारी कर्मचारी, दरमहा 10,000 रुपये किंवा जास्त पेन्शन घेणारे हेही अपात्र आहेत. त्यांनी घेतलेली रक्कम वसूल होते.

जमीन 1 फेब्रुवारी 2019 रोजी नावावर असावी, ही अट सर्वांत जास्त लोकांना अडवते. त्यानंतर खरेदीने, बक्षीसपत्राने किंवा वाटणीने नाव लागले असेल तर लाभ नाही. लक्ष्मी मुक्ती योजनेतून पत्नीचे नाव आता लावले तरी पीएम किसानसाठी उपयोग होत नाही. तिच्या हक्कासाठी ते जरूर लावा, पण हप्त्याची आशा ठेवून नको.

अपवाद एकच : वारसा.

खातेदार वारला तर त्याची पत्नी आणि सज्ञान मुले वारसाने पात्र ठरू शकतात. आपल्याकडे नवरा गेल्यावर सातबारा वर्षानुवर्षे त्याच्याच नावे राहतो. दीर म्हणतात, "घाई काय आहे?" घाई आहे, कारण नाव लागेपर्यंत त्या बाईला हप्ता नाही, पीक कर्ज नाही आणि फार्मर आयडीही नाही. मृत्यू प्रमाणपत्र, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि सातबारा, 8-अ घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज द्या आणि पोच घ्या. कायद्याने तीन महिन्यांत कळवायचे असते, पण उशीर झाला म्हणून नोंद नाकारली जात नाही. नोटीस काढल्यावर हरकतीसाठी 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. त्यानंतर फार्मर आयडी काढून पीएम किसानची नवीन नोंदणी करा. दरम्यान मृत व्यक्तीच्या खात्यावर हप्ते येत असतील तर ते काढत राहू नका, तालुका कृषी कार्यालयाला कळवा. पुढे वसुली निघते तेव्हा ती याच घरावर येते.

नाव बरोबर असूनही पैसे येत नसतील तर दोन गोष्टी पाहा. पैसे आधारला शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जातात. तुम्ही जुने पासबुक भरून बघत असता आणि रक्कम भलत्याच बँकेत पडून असते. दुसरी गोष्ट ई-केवायसी. ऊसतोडीला गेलेल्या मंडळींचा आधारचा मोबाईल नंबर बंद झालेला असतो, त्यामुळे ओटीपी येत नाही. पीएम किसान ॲपमध्ये चेहरा दाखवून ई-केवायसी होते, आणि एकाच मोबाईलवरून इतरांचीही करता येते. कृषी सहायकांनी दसऱ्याआधी, टोळ्या गावात असतानाच, हे काम उरकून घ्यावे. मागे राहिलेल्यांची ई-केवायसी कोपीवर बसूनही होईल, फक्त टोळीत एक स्मार्टफोन हवा.