भेग बुजवण्यापूर्वी

घर म्हटले की भिंत आली आणि सिमेंटचे घर म्हटले की भेग आली. आपल्या वार्षिकात कथा-कविता पुष्कळ असतात. हा लेख मात्र थापी-घमेल्याचा आहे. माझे वडील गवंडी आहेत आणि सुटीत मी त्यांच्या हाताखाली माल कालवतो. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा इथे येताना जे घरून आणले, ते आपणा सर्वांसमोर ठेवावे असे वाटले.

भेग हा रोग नव्हे, रोगाची खूण आहे. पावसाळा तोंडावर आला की लोक मूठभर सिमेंट पाण्यात कालवून भेगेवर फासतात. दिवाळीपर्यंत भेग पुन्हा डोके वर काढते आणि बोल मात्र गवंड्याला लागतो. म्हणून आबांचा पहिला प्रश्न असतो, "ही पडली कशानं?" इतिहासाच्या पेपरात आपल्याला 'कारणे लिहा' असे विचारतात, तसेच हे.

कारणे ढोबळमानाने चार. पहिले, अपुरे पाणी. सिमेंट वाळून घट्ट होते हा गैरसमज आहे. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन ते कठीण होते. पाणी लवकर उडाले की वरचा थर आकसतो आणि केसासारख्या बारीक भेगा पडतात. दुसरे, ऊन. गच्ची दिवसा तापून प्रसरण पावते, रात्री आकुंचन पावते. तिसरे, जमीन. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते; तिच्यावरचा पाया उथळ असेल तर तो हलतो आणि भिंती तिरप्या चिरतात. चौथे कारण सर्वांत घातक, ते म्हणजे सळईचा गंज. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. छताला तांबूस डाग व सळईच्या रेषेत भेग दिसली, की हेच समजावे.

मग पाहायचे, भेग स्थिर आहे की हलती. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. भेगेवर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पातळ पट्टी लावावी. काही आठवड्यांत पट्टी तडकली, तर भेग अजून हलते आहे.

स्थिर व रुंद भेग असेल, तर आधी ती छिन्नीने मोठी करावी लागते. नवख्याला हे उलटे वाटते. पण नव्या मालाला धरायला जागा हवी. सुटा भाग काढावा, तारेच्या ब्रशने घासून धूळ झाडावी व जागा पाण्याने भिजवावी. कोरडे काँक्रीट नव्या मालातले पाणी शोषून घेते. मात्र पाणी साचलेलेही नको. सिमेंटचा पातळ घोळ लावून तो ओला असतानाच एक भाग सिमेंट व तीन भाग चाळलेली वाळू असा घट्ट माल दाबून भरावा. घोळात व मालात बाजारात मिळणारे पॉलिमरचे द्रावण मिसळल्यास पकड वाढते. नंतर ओले गोणपाट टाकून निदान सात दिवस जागा ओली ठेवावी. हातात रबरी मोजे हवेत. ओले सिमेंट कातडी खाते; आबांच्या बोटांच्या भेगा कोणत्याही मालाने बुजलेल्या नाहीत.

हलती भेग सिमेंटने भरू नये. तिथे रबरासारखे ताणले जाणारे सीलंट लागते. काळ्या मातीवरच्या घरात गच्चीचे पाणी पायापासून दूर न्यावे. गंजलेली सळई मागच्या बाजूनेही मोकळी करून, घासून, गंजरोधक लेप देऊन मगच काँक्रीट भरावे. आणि खांबाला किंवा तुळईला तडा असेल, भेग रुंदावत असेल, तर गवंड्याने थापी खाली ठेवावी व इंजिनिअरला बोलवावे.

अडचण ज्ञानाची कमी आणि घाईची जास्त आहे. आबा सात दिवसांचे काम सांगतात. दुसरा एका दुपारचे सांगतो. काम बहुधा दुसऱ्याला मिळते. त्या आठवड्यात आमच्या घरी रोज येत नाही, आणि त्या घरातले लोक त्याच छताखाली अंथरूण घालतात.

१८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेणारा जोसेफ ॲस्पडिन हा इंग्लंडमधील लीड्सचा गवंडी होता. आम्हाला रासायनिक क्रिया पुस्तकात सापडते, आबांना ती ओल्या गोणपाटाखाली. आपल्या घरी भेग पडली, तर गवंड्याला भाव विचारण्यापूर्वी कारण विचारा. तो दिवस मागेल, ते त्याला द्या.